डावा पाय, डावं पेडल

हेलिकॉप्टर चालवायला दोन्ही हात आणि दोन्ही पाय लागतात, तेही एकाच वेळी. उजव्या हातात सायक्लिक, म्हणजे यंत्र हवं त्या दिशेला झुकवणारा दांडा; डाव्या हातात कलेक्टिव्ह, म्हणजे यंत्र वर-खाली नेणारा दांडा; आणि पायांखाली नाक डावी-उजवीकडे वळवणारी पेडलं. ऑटोमॅटिक गाडी घेऊन एका पायाला सुट्टी देता येते, तशी इथे सोय नाही. आणि माझा डावा गुडघा तेव्हा नुकताच ऑपरेशन होऊन आला होता. त्यामुळे मी हेलिकॉप्टर शिकायचं ठरवतेय म्हटल्यावर आई जे बोलली ते रास्तच होतं : "अजून धड चालता येत नाही, आणि उडायचं कसलं!"

मी व्हॉलीबॉल खेळते. आउटसाइड हिटर, म्हणजे जाळ्याच्या डाव्या टोकाकडून स्मॅश मारणारी, उजव्या हाताची. उजव्या हाताने मारणाऱ्यांचं शरीर हवेत जरा तिरकं होतं आणि खाली येताना बरेचदा डावा पाय आधी टेकतो. क्षणभर सगळं वजन त्या एका गुडघ्यावर. वर्षानुवर्षं काही होत नाही आणि मग एका साध्या सरावात गुडघा आत वळतो, आतून 'टक्' असा आवाज येतो आणि तुम्ही जमिनीवर असता. अंगावर कुणी आलेलं नाही, कुणाचा धक्का नाही. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारा लिगामेंट, त्याच्या दुखापती बहुतेक अशाच होतात. एमआरआयमध्ये लिगामेंट पूर्ण तुटलेला दिसला, मेनिस्कस, म्हणजे सांध्यातली कुर्चेची गादी, मात्र शाबूत होता.

पुष्कळांना वाटतं की ऑपरेशनमध्ये तुटलेला लिगामेंट शिवतात. माझ्या बाबतीत तसं नव्हतं. मांडीच्या मागच्या बाजूचे दोन टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर) काढले, दुमडून जाड केले आणि मांडीच्या व नडगीच्या हाडात बोगदे पाडून त्यातून ओवून बसवले. हा ग्राफ्ट आत गेल्यावर आधी कमजोर होतो. त्याला नवा रक्तपुरवठा मिळायला आणि टेंडनचा लिगामेंट व्हायला कित्येक महिने जातात. सर्वांत नाजूक काळ साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यातला, म्हणजे नेमका जेव्हा दुखणं थांबतं, जिना उतरता येतो आणि माणसाला वाटतं की झालं आता. त्या दिवसांत आमच्या फिजिओ मॅडम सर्वांत कडक होत्या.

पहिल्या आठवड्यांतलं काम ऐकायला हास्यास्पद आहे. पाय सरळ ठेवायचा आणि मांडी आवळायची. बस. आणि मांडी आवळत नाही! स्नायूला काहीही झालेलं नसतं, पण गुडघ्यात सूज असली की सांध्याकडून जाणारे संदेशच असे असतात की मज्जासंस्था क्वाड्रिसेप्सला, म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूला, ब्रेक लावून ठेवते. मॅडम गुडघ्याच्या वर आतल्या बाजूला दोन बोटं टेकवायच्या आणि म्हणायच्या, "इथून. माझी बोटं वर उचल." मी डोळे ताणून त्या बोटांकडे बघायची. कपाळावर घाम, जबडा घट्ट, उजवी मांडी दगडासारखी, आणि डावी ढिम्म. मग एके दिवशी बोटांखाली काहीतरी जरासं थरथरलं. राज्य स्पर्धा जिंकल्यावरही मॅडमना इतका आनंद झाला नसेल.

पण रिहॅबचा खरा त्रास वेदनेचा नसतो, मोजमापाचा असतो. प्रत्येक तपासणीत आकडा टक्क्यांत येतो : डावा पाय उजव्याच्या किती टक्के. खेळात परतायला निदान नव्वद टक्के लागतात. शिवाय दुखापतीआधीची उडी, दुखापतीआधीचा स्क्वॉट, दुखापतीआधीचं वजन, सगळं फाइलमध्ये. रोज सकाळी उठून एका जुन्या, तंदुरुस्त बाईशी स्पर्धा करायची आणि रोज हरायचं. ती बाई म्हणजे मीच. मला वाटतं या काळात खेळाडू खचतात ते गुडघ्यामुळे नाही, या बाईमुळे खचतात.

हेलिकॉप्टर माझ्या डोक्यात आधीपासून होतं. खेळ संपल्यावर शिकायचं म्हणून बाजूला ठेवलेलं. पण दिवसातले दोन तास व्यायाम आणि उरलेला वेळ पाय उंच करून बसणं, असं आयुष्य झाल्यावर मी थिअरीची पुस्तकं उघडली. आणि पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की या विषयात ती जुनी बाई नाही. इथे माझा कुठलाही आधीचा रेकॉर्ड नव्हता. शंभरातले चाळीस मिळाले तर ते नुसते चाळीस होते, कशाच्या तरी चाळीस टक्के नव्हते.

थिअरी खरोखर रंगतदार निघाली. फिरत्या रोटरला, म्हणजे डोक्यावरच्या मोठ्या पंख्याला, तुम्ही एका ठिकाणी बदल दिला की त्याचा परिणाम सुमारे नव्वद अंश पुढे दिसतो, आणि हा हिशेब कंट्रोलच्या जोडणीतच आधी केलेला असतो. म्हणून वैमानिकाने दांडा पुढे ढकलला की यंत्र पुढेच जातं. पुढे जाताना एका बाजूचं पातं समोरून येणाऱ्या वाऱ्यावर धावून जातं, दुसऱ्या बाजूचं त्याच्यापासून दूर पळतं. दोन्हीकडे उचल सारखी राहिली नाही तर यंत्र उलटेल. स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वाने त्याच्या ऑटोजायरोत (इंजिनऐवजी वाऱ्यानेच रोटर फिरणाऱ्या यंत्रात) पात्यांना बिजागऱ्या लावून ती वरखाली हलू दिली आणि हा प्रश्न सोडवला. त्याचं ते यंत्र 1923 मध्ये उडालं. पुढे 1939 मध्ये इगॉर सिकोर्स्कीचं व्हीएस-300 जमिनीवरून उठलं, तेव्हा एक मोठा रोटर वर आणि एक छोटा शेपटीला ही मांडणी रूढ व्हायला लागली.

शेपटीचा रोटर का, हे मला तेव्हा नुसतं पाठ होतं. इंजिन वरचा रोटर एका दिशेने फिरवतं, त्याची प्रतिक्रिया म्हणून धड उलट दिशेने फिरायला बघतं, आणि शेपटीचा रोटर त्याला धरून ठेवतो. तो किती जोराने धरतो हे पायांतल्या पेडलांवर ठरतं. अमेरिकी घडणीच्या बहुतेक हेलिकॉप्टरांचा रोटर वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. म्हणजे ताकद वाढवली की नाक उजवीकडे पळतं आणि ते थांबवायला डावं पेडल दाबावं लागतं. बऱ्याच फ्रेंच आणि रशियन हेलिकॉप्टरांत हे नेमकं उलट. मी फ्रेंच यंत्रावर शिकले असते तर भार चांगल्या पायावर आला असता. पण आमच्याकडे शिकवायला होतं रॉबिन्सन आर-22.

त्याआधी मेडिकल. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांप्रमाणे विद्यार्थ्याला एकट्याने उडायचं असेल तर वर्ग 2 चं वैद्यकीय प्रमाणपत्र हवं. प्रशिक्षकाबरोबर उडताना यंत्राची जबाबदारी त्याच्यावर असते. तरीही मी आधी वैद्यकीय परीक्षकांकडे गेले, कारण सगळा खर्च करून शेवटी नकार ऐकायची माझी तयारी नव्हती. डोळे, कान, ईसीजी झाल्यावर त्यांनी ऑपरेशनचे कागद चाळले. मग मला एका पायावर उभं केलं, खुर्चीतून हात न टेकता उठवलं आणि स्वतःचा तळवा माझ्या डाव्या पावलासमोर धरून म्हणाले, "दाबा. आणखी. आता अचानक सोडा. आता परत दाबा." वेदनाशामक कोणती, कधी बंद केली, हे त्यांनी दोनदा विचारलं. गुंगी आणणारी गोळी घेऊन कॉकपिटमध्ये बसायचं नाही, हे कुठल्याही देशात सारखंच. शेवटी म्हणाले, थिअरी चालू ठेवा, प्रशिक्षकाबरोबर उडायला सर्जनचं पत्र आणा, सोलोच्या आधी मला पुन्हा भेटा. मला हे फार आवडलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी उजव्या पायाशी तुलना न करता डाव्या पायाला थेट काम विचारलं होतं.

आर-22 दोन माणसांचं. भरलेल्या टाक्या आणि माणसांसकट जास्तीत जास्त 621 किलो. रोटरचा व्यास पावणेआठ मीटरच्या आतच. पेडलांना हायड्रॉलिक्सची मदत नाही आणि तशी गरजही नाही, ती हलकीच असतात. आत बसल्यावर माझ्यासारख्या उंच माणसाचे गुडघे बऱ्यापैकी वर येतात. टाच जमिनीवर टेकलेली, चवडे पेडलांवर. उजवा हात मांडीवर टेकवायचा आणि मनगटानेच सायक्लिक हलवायचा, हे सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. हात हवेत अधांतरी ठेवला की तो नको तितका हलतो.

हॉवर, म्हणजे हवेत एका जागी स्थिर राहणं, शिकवताना प्रशिक्षक तिन्ही कंट्रोल एकदम देत नाहीत. आधी फक्त पेडलं. हेलिकॉप्टर जमिनीपासून पाच फुटांवर, सर बाकी सगळं सांभाळताहेत, आणि मी फक्त नाक समोरच्या झाडाकडे धरून ठेवायचं. एवढंच. पहिल्या मिनिटात नाक झाडावरून घसरून हँगरवर गेलं, तिथून वाऱ्याच्या पिशवीवर आणि परत. मी ढकलत होते. व्हॉलीबॉलमध्ये चेंडू आला की झेपावायचं असतं, सगळं शरीर त्यासाठी घडवलेलं. इथे झेपावलं की संपलं. सर म्हणाले, "ढकलू नका. दाबायचा नुसता विचार करा." असं वाक्य कुठल्याही प्रशिक्षकाने मला तोवर सांगितलं नव्हतं. दुसरी खोड नजरेची. माझी नजर जवळ, यंत्राच्या नाकाशी. सर लांब बघायला लावायचे, कारण जवळ बघितलं की हालचाल उशिरा कळते, लांब बघितलं की लवकर.

काही दिवसांनी पेडलांबरोबर कलेक्टिव्ह हातात आला, आणि तिथे एक गोष्ट उघडी पडली. कलेक्टिव्ह वर ओढला की नाक उजवीकडे निघतं, त्यामुळे डावं पेडल त्याच क्षणी, नाक हलायच्या आधीच जायला हवं. माझं उशिरा जायचं आणि मग गरजेपेक्षा जास्त. कलेक्टिव्ह खाली सोडताना उजवं पेडल मात्र बरोबर वेळेवर. सरांनी दोन-तीन फेऱ्या गप्प बसून हे पाहिलं आणि खाली उतरल्यावर म्हणाले, "नवशिक्यांची दोन्हीकडे गडबड होते. तुमची एकीकडेच होतेय."

मी ते जसंच्या तसं मॅडमना सांगितलं. त्यांचे डोळेच चमकले. मला पालथं झोपवलं, डोळे मिटायला सांगितलं, डावा गुडघा एका कोनात वाकवला, क्षणभर धरला, परत सरळ केला आणि म्हणाल्या, "आता तू तिथे ने." मी नेला. डोळे उघडून पाहिलं तर मी बरीच आधी थांबले होते. उजव्या पायाने जवळजवळ अचूक जमलं. एसीएल हा नुसता दोर नसतो, त्यात स्थिती आणि ताण ओळखणारी मज्जातंतूंची टोकं असतात. तो तुटला की गुडघ्याची स्वतःबद्दलची बातमी देणारा एक मार्ग बंद पडतो. ताकदीच्या चाचणीत हे दिसत नाही. माझी ताकद तेव्हा ठीकठाक होती.

मग मॅडमनी एक व्यायाम काढला, जो मी त्याआधी कुठे पाहिला नव्हता. खुर्चीत बसायचं, टाच जमिनीवर, चवडा साध्या काट्याच्या वजनयंत्रावर. डोळे मिटून दोन किलो दाब. डोळे उघडून काटा बघ. आता अडीच. आता दीड. सोडताना पण हळू, एकदम नाही. सुरुवातीला मी दोन म्हणून साडेचारवर जायची. हे घरी टीव्हीसमोर बसून करता येत होतं, म्हणून मी ते जेवढं केलं तेवढं दुसरं काहीच केलं नाही. एका पायावर डोळे मिटून उभं राहणं, अर्ध्या चेंडूसारख्या फळीवर तोल सांभाळणं हेही चालू होतं, पण पेडलवर फरक पडला तो वजनकाट्यामुळे, असं माझं मत आहे. मॅडम हसून म्हणायच्या की घोटाही इतके दिवस पडून होता, त्याचाही वाटा धर. सर म्हणायचे, बाई, तास वाढले की सगळ्यांचंच सुधारतं. तिघांचंही थोडं थोडं बरोबर असावं.

शारीरिक अडचण खरी वेगळ्याच ठिकाणी होती : उतरताना. उडताना गुडघा तासभर वाकलेल्या अवस्थेत, वर यंत्राची सततची कंपनं. तास संपला की तो आखडलेला. उजव्या दारातून उतरायचं म्हणजे उजवा पाय आधी खाली, आणि तोवर वाकलेला डावा पाय दांडे चुकवत आतून बाहेर काढायचा. घाईने केलं की गुडघ्याला पीळ बसणार, आणि ग्राफ्टला नको असतो तो पीळच. मॅडमनी मला खुर्ची आणि स्टूल मांडून उतरायची पद्धत बसवून दिली : बसल्या बसल्या पूर्ण दाराकडे वळायचं, दोन्ही गुडघे एका रेषेत, मगच पाय खाली. कुणी बघत असेल तर आजीबाई उतरतायत असंच वाटायचं.

खेळाडू असण्याचा फायदा झाला तो ऑटोरोटेशनमध्ये. इंजिन बंद पडलं तर हेलिकॉप्टर दगडासारखं पडतं हा गैरसमज आहे. कलेक्टिव्ह ताबडतोब खाली केला की खालून येणारी हवा रोटर फिरवत ठेवते आणि यंत्र वेगाने पण काबूत उतरतं. आर-22 मध्ये 'ताबडतोब' या शब्दाला फार अर्थ आहे. त्याचा रोटर हलका, साठलेली ऊर्जा कमी, त्यामुळे फेरे झपाट्याने घटतात. 97 टक्क्यांखाली गेले की हॉर्न वाजतो. सर न सांगता थ्रॉटल कमी करायचे आणि माझा डावा हात विचार करायच्या आत खाली गेलेला असायचा. समोरच्या ब्लॉकरचा खांदा हलला की आपण हललेलो असतो, तसंच ते. हॉवरमध्ये जी सवय मला नडली, तीच इथे कामाला आली. मग साधारण 65 नॉट वेग धरून खाली यायचं, जमीन जवळ आली की सुमारे चाळीस फुटांवर नाक उचलून वेग मारायचा.

सरावात मात्र शेवटी जमिनीवर टेकवत नाहीत, इंजिनची ताकद परत घेऊन हॉवरमध्ये थांबतात. आणि तो क्षण माझ्या डाव्या पायाची खरी परीक्षा. ऑटोरोटेशनमध्ये इंजिनचा पीळ नसतो, त्यामुळे पाय उजव्या पेडलवर असतो. ताकद परत आली की पीळ एकदम येतो आणि नाक उजवीकडे उसळतं. एक-दोन सेकंदांत उजव्या पायाकडून सगळा कारभार डाव्या पायाकडे. वजनकाट्यावरचा दोन किलोचा हिशेब इथे उपयोगी नाही. इथे भरपूर लागतं, पण पाहिजे तेवढंच. पहिल्यांदा हे सरळ जमलं तेव्हा सर काही बोलले नाहीत, फक्त पुन्हा वर जायची खूण केली. त्यांच्याकडून मिळणारं हे सर्वांत मोठं प्रशस्तिपत्र.

सोलोच्या आधी परीक्षकांनी पुन्हा तळव्यावर पाय दाबून घेतला आणि सही केली. सोलोबद्दल मी भावूक लिहू शकते, पण मला आठवतं ते तांत्रिकच. सर उतरले की पुढच्या भागातलं एका माणसाचं वजन जातं, त्यामुळे नाक नेहमीपेक्षा वर राहतं आणि यंत्र हलकं झाल्यामुळे अपेक्षेपेक्षा लवकर उठतं. ताकद कमी लागते म्हणून डावं पेडलही कमी लागतं. मी सवयीने जास्त दिलं आणि नाक डावीकडे गेलं. डावीकडे! इतके महिने उजवीकडे पळणारं नाक. मी कॉकपिटमध्ये एकटी मोठ्याने हसले.

कोर्टवर परतायला याहून उशीर लागला. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेलावेअर-ऑस्लो अभ्यासात दिसलं होतं की नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितके महिने लांबवलं, त्यातल्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण साधारण निम्म्याने घटलं. मॅडमनी तो आलेख भिंतीवर लावलेला होता आणि मी लवकर परतायचा विषय काढला की त्या नुसतं बोट दाखवायच्या. पूर्वी मी वाद घातला असता. पण हेलिकॉप्टरचे तास चालू असताना मला वाद घालायला वेळ नव्हता, हे खरं कारण. रिहॅब सुधारायला मला उड्डाणाने संयमबिंयम दिला नाही. त्याने माझं लक्ष दुसरीकडे नेलं, एवढंच, आणि तेवढंच पुरेसं होतं. नव्वद टक्के ओलांडल्याचं कळलं त्या दिवशी मी हवामानशास्त्राच्या पेपराची तयारी करत होते.

आता दोन्ही चालू आहे. परवान्यासाठी किमान चाळीस तास लागतात, त्यातले दहा एकट्याने, आणि एकटीने करायचा 180 किलोमीटरचा लांबचा प्रवास, वाटेत दोन ठिकाणी उतरून. तो प्रवास बाकी आहे, कारण स्पर्धेचा हंगाम मध्ये आला. सरांना ही लांबण पसंत नाही आणि आमच्या कोचना उड्डाणच पसंत नाही, त्यामुळे मी दोघांच्याही नजरेत अर्धवट आहे. मॅडमनी मात्र दोन नियम लिहून दिले आहेत. सामन्यानंतर गुडघा सुजला तर दुसऱ्या दिवशीचं उड्डाण रद्द. आणि उड्डाणाच्या दिवशी, तासभर वाकवून बसलेल्या गुडघ्यावर, उडीचा सराव नाही. पहिला नियम सरांनी त्यांच्या वहीत उतरवून घेतलाय. दुसऱ्यावर कोचशी माझी अजून चर्चा चालू आहे.